मेनूकार्ड हातात आलं, आता काय? पुण्या-मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

शिक्षणाला किंवा नोकरीला म्हणून पुण्या-मुंबईत पहिल्यांदा आलेल्या माणसाला खोली मिळते, लोकलचा पास निघतो, रस्तेही हळूहळू कळतात. पण हॉटेलात एकट्याने बसून ऑर्डर द्यायची वेळ आली की गडबड होते. गावाकडच्या हॉटेलात भजी, वडा, मिसळ, चहा. काय ताजं आहे ते पोऱ्याच येऊन सांगतो. इथे बारा पानांचं लॅमिनेट केलेलं कार्ड हातात येतं आणि वेटर पेन काढून शेजारी उभा राहतो. मग बहुतेक जण घाईघाईत तेच सांगतात: पनीर बटर मसाला आणि दोन रोट्या.

त्यात वाईट काही नाही. पण मिसळीच्या ठिकाणी डोसा, उडुप्याकडे पनीर आणि मालवणी खानावळीत चिकन टिक्का मागवणारा माणूस पैसे मोजूनही त्या जागेचं खरं खाणं न खाताच उठतो. म्हणून पदार्थांची नावं वाचायच्या आधी समोरचं कार्ड कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखायचं. त्यावरून आतलं किचन कसं चालतं ते कळतं आणि तिथे रोज सगळ्यात जास्त काय खपतं याचा अंदाज येतो. तेच मागवायचं.

मी बरीच वर्षं मेनूकार्डांचं डीटीपी केलं आहे. नवं हॉटेल काढणारे मालक बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी हॉटेलचं तेलाचे डाग पडलेलं कार्ड घेऊन यायचे आणि म्हणायचे, "नाव आणि रेट बदला, बाकी हेच राहू द्या." त्यामुळे कार्डावर छापलेलं सगळं त्या किचनमध्ये रोज शिजतं, असं कृपा करून समजू नका.

पहिली पायरी: कार्ड मागण्याआधी पाटी आणि भिंत वाचा

बाहेरच्या पाटीवरच निम्मी माहिती असते. 'उपाहारगृह' लिहिलं असेल तर नाश्त्याचे पदार्थ मिळणार. तिथे पोळी-भाजी, वरण-भात मिळेलच असं नाही. दादरचं 'प्रकाश' या प्रकारातलं. तिथे लोक साबुदाणा वडा आणि पियुष या गोड, थंड पेयासाठी रांग लावतात, जेवायला नाही. 'भोजनालय', 'खानावळ', 'बोर्डिंग' म्हणजे ताट. 'फॅमिली रेस्टॉरंट' म्हणजे पंजाबी, चायनीज, तंदूर, सगळं एका छताखाली. 'परमिट रूम' लिहिलं असेल तर आत दारू मिळते. 'शुद्ध शाकाहारी' असेल तर ऑम्लेट मागू नका. आणि 'व्हेज-नॉनव्हेज' लिहिलं असेल तर बहुतेकदा किचन एकच असतं. तव्याबद्दल, तेलाबद्दल तुमचा कटाक्ष असेल तर बसण्याआधीच विचारलेलं बरं.

आत गेल्यावर भिंतीकडे बघा. काळ्या फळ्यावर खडूने 'आजचे पदार्थ' लिहिलेले असतील तर आधी तो फळा, मग कार्ड. छापील कार्डावर थालीपीठ बाराही महिने असतं. फळ्यावर असेल तर आज भाजणी भिजवलेली आहे. एकादशी, संकष्टी, महाशिवरात्रीला हाच फळा उपासाचा होतो: साबुदाणा खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. त्या दिवशी खिचडीचं पातेलं सतत उतरत असतं, त्यामुळे एरवी गार मिळणारी खिचडीही गरम मिळते. उपास असो नसो, खाऊन घ्या.

वेळाही भिंतीवरच असतात, बहुधा बारीक अक्षरात. मिसळ सकाळी, ताट दुपारी साडेअकरा-बारा ते अडीच-तीन, मग थोडा वेळ चुली बंद, आणि चारनंतर पुन्हा वडे-भजी. दुपारी साडेतीनला खानावळीत जाऊन "जेवण आहे का?" असं विचारलं तर बाकं पुसणाऱ्या मामांचा चेहराच उत्तर देतो.

पैसे आधी की नंतर, हेही बसण्याआधी बघून घ्यायचं. लोकांच्या हातात चिठ्ठ्या किंवा टोकन दिसले तर काउंटरवर आधी पैसे द्यायचे आणि पदार्थ स्वतः आणायचा. अशा ठिकाणी रिकाम्या टेबलावर जाऊन बसलात तर कोणी विचारायला येणार नाही.

मिसळीच्या हॉटेलचा मेनू सगळ्यात छोटा असतो, पण त्यात एक-दोन गोष्टी लिहिलेल्या नसतात. मिसळीसोबत पाव किती, जादा पावाचे पैसे वेगळे का, आणि वरचा रस्सा पुन्हा मागितला तर फुकट की पैसे देऊन? पुण्यात या जादा रश्श्याला 'सॅम्पल' म्हणतात, कोल्हापुरात 'कट', नागपूरकडे 'तर्री'. तिखटाचा अंदाज नसेल तर रस्सा वेगळ्या वाटीत मागा. सगळीकडे पावच मिळतो असंही नाही. पुण्यात बेडेकरांकडे मिसळ स्लाइस ब्रेडबरोबर येते, कोल्हापुरातही तशीच पद्धत आहे.

दुसरी पायरी: थाळी घेताना 'रिपीट काय?' हे विचारा

थाळीच्या मेनूत निवडायला फारसं काही नसतं, म्हणून नवख्यासाठी हा सगळ्यात सोपा प्रकार. तरी वाद होतात ते इथेच, कारण 'लिमिटेड' आणि 'अनलिमिटेड' या दोन शब्दांच्या मधे बरंच काही असतं.

लिमिटेड थाळी, राईसप्लेट, साधं ताट ही एकाच घरातली नावं. ठरलेल्या चपात्या, दोन वाट्या भाजी, आमटी, भात, पापड, कधी ताक. वर काही मागितलं की त्याचे पैसे. अनलिमिटेडमध्ये वाढपी फिरत राहतो, पण तिथेही गोड पदार्थ बहुतेकदा एकदाच मिळतो, आणि फरसाणाचंही तसंच. एका ताटात दोघांनी खायचं नसतं, उरलेलं बांधून मिळत नाही, लहान मुलांचा दर वेगळा असतो. 'अन्न टाकल्यास दंड' अशी पाटी काही ठिकाणी गंमत म्हणून लावलेली नसते. बसल्या बसल्या एवढं बोलून घ्यावं:

"दादा, आज भाज्या कुठल्या?"

"फ्लॉवर-बटाटा आणि मटकी."

"रिपीट काय काय आहे?"

"भाजी, आमटी, चपाती, भात. श्रीखंड एकदाच."

"बरं. पुऱ्या आहेत की चपाती?"

"रविवारी पुऱ्या."

इतकं कळलं की संपलं. 'रिपीट' हा शब्द लक्षात ठेवा, तो सगळ्या वाढप्यांना समजतो.

माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथे ताट आणि केळीचं पान, मर्यादित आणि पोटभर असे प्रकार आहेत. सांबार, रसम, भाज्या, भात. दक्षिणेकडचं जेवण कसं वाढतात आणि कुठल्या क्रमाने खातात ते पहिल्यांदा बघायला ही चांगली जागा. भात दोनदा घेतात, आधी सांबाराबरोबर, मग रसमबरोबर, आणि शेवटी दही किंवा ताक. पहिल्याच भाताला पोट भरून घेऊ नका. काळबादेवीचं ठाकर भोजनालय गुजराती थाळीचं. तिथे वाढप्यांचा वेग इतका असतो की नको म्हणायला ताटावर हात आडवा धरावा लागतो. तोंडाने म्हटलेलं ऐकू जात नाही.

कोल्हापुरी मटण थाळीचं गणित वेगळं. सुकं मटण ठरलेलं, एकदाच. तांबडा आणि पांढरा रस्सा मात्र बहुतेक ठिकाणी हवा तितका. म्हणजे भाकरी-चपाती किती येते आणि जादा कितीला पडते हे विचारायचं, कारण रस्सा पोटभर घ्यायचा तर भाकरी लागणारच. 'साधी', 'स्पेशल', 'महाराजा' अशी चढती नावं दिसली तर वरच्या थाळीत खिमा, अंडं किंवा मटणाची आणखी एखादी वाटी वाढते, रस्सा तोच. एकट्याला साधी थाळी पुरते. नागपूरच्या सावजी भोजनालयात पहिल्यांदा जाणार असाल तर दही आधीच मागून ठेवा, तिथलं जेवण जहाल तिखट असतं.

पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरातला मेनू म्हणजे मेसचा. त्याचं कार्ड नसतं, एक कागद भिंतीला चिकटवलेला असतो. महिना भरायचा की कुपनं घ्यायची, हा पहिला प्रश्न. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याला कुपनं परवडतात. सुट्टीचे 'खाडे' वजा होतात का, सलग किती दिवसांचे होतात, हे पैसे भरण्याआधी विचारा. नंतर मेसवाल्या काकू ऐकून घेत नाहीत. आणि रविवारी दुपारी फीस्ट असते, संध्याकाळी मेस बंद. ही गोष्ट बाहेरगावच्या मुलाला पहिल्या रविवारी रात्री नऊ वाजता कळते.

तिसरी पायरी: जाड कार्ड कसं फोडायचं

आता मूळ दुखणं. फॅमिली रेस्टॉरंटचं कार्ड: सूप, स्टार्टर, तंदूर, पनीर, व्हेज, चिकन, मटण, अंडं, डाळ, भात, रोट्या, चायनीज, डेझर्ट. दीड-दोनशे नावं. एवढे पदार्थ एका किचनमध्ये वेगवेगळे शिजूच शकत नाहीत आणि शिजतही नाहीत. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातली एक-दोन कढईत घ्यायची, पनीर किंवा भाजी टाकायची, वरचा मसाला बदलायचा. त्या ग्रेव्ह्या ओळखता आल्या की दीडशे नावं चार खणांत बसतात.

लाल ग्रेव्ही टोमॅटो, काजू आणि लोण्याची. चवीला जराशी गोडसर, वरून क्रीम आणि कसुरी मेथी. माखनी, बटर मसाला, बटर चिकन या सगळ्यांचं मूळ हेच. तिखट न चालणाऱ्यांनी इथे थांबावं.

कांदा-टोमॅटोची ब्राउन ग्रेव्ही ही किचनची रोजची भाकरी. कढाई, टिक्का मसाला, तवा, दोप्याजा, हंडी, कोल्हापुरी अशी नावं बदलत जातात. कढाईत ढोबळी मिरची आणि भरडलेले धणे, दोप्याजात कांद्याचे मोठे तुकडे, कोल्हापुरीत तिखटाचा हात सैल. 'व्हेज कोल्हापुरी' हा पदार्थ मात्र कोल्हापूरच्या घरांत शोधायला जाऊ नका. तो हॉटेलच्या किचनमध्ये जन्मला आणि तिथेच राहिला.

पांढरी ग्रेव्ही उकडलेला कांदा, काजू आणि मगजबीची (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया). शाही पनीर, मलाई कोफ्ता, मेथी मटर मलाई, नवरत्न कोर्मा. नवरत्न कोर्म्यात अननस आणि चेरी असतात, बऱ्याच ठिकाणी तो चक्क गोड लागतो. भाजी म्हणून मागवून कितीतरी लोक हिरमुसतात. काजूची ॲलर्जी असणाऱ्यांनी या ग्रेव्हीचे पदार्थ पूर्ण टाळावेत, आणि काजू लाल ग्रेव्हीतही असतात म्हणून तेही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर उलट मराठी पदार्थांचं पान जपून वाचा, आपल्याकडे कूट कशात नसतो?

हिरवी ग्रेव्ही म्हणजे पालक, कधी कोथिंबीर-पुदिना. पालक पनीर, हरियाली वगैरे.

यावरून ऑर्डर द्यायची युक्ती अशी: दोन भाज्या घ्यायच्या असतील तर दोन वेगळ्या रंगांच्या घ्या. पनीर बटर मसाला आणि पनीर माखनी एकत्र मागवलं तर टेबलावर एकच पदार्थ दोन वाडग्यांत येतो. एक लाल आणि एक ब्राउन, किंवा एक पनीर आणि एक सुकी भाजी, जोडीला दाल तडका. दाल फ्राय आणि दाल तडका यांतही फार फरक पडत नाही, एक पुरे.

किती मागवायचं? भाजीची एक फुल प्लेट साधारण दोघांची. दोघं असाल तर एक भाजी, हाफ दाल, चार-पाच रोट्या आणि एक जीरा राईस. तोही बऱ्याच ठिकाणी दोघांना पुरतो. चौघांना दोन भाज्या, एक दाल, आठ-दहा रोट्या, एक किंवा दोन भात. सगळं एकदम सांगू नका. रोट्या लागतील तशा, भात शेवटी. सूप 'वन बाय टू' सांगितलं की एक सूप दोन वाडग्यांत येतं, यात लाजण्यासारखं काही नाही, वेटर स्वतःच विचारतो. तंदुरी चिकनमध्ये फुल म्हणजे अख्खी कोंबडी, हाफ म्हणजे अर्धी. दोघांना स्टार्टर म्हणून हाफ खूप झालं. ढाब्यावर 'मटण हंडी अर्धा किलो' लिहिलेलं असेल तर ते वजन कच्च्या मटणाचं की शिजलेल्याचं, हे विचारून घ्या.

'जैन' लिहिलेला पर्याय म्हणजे कांदा, लसूण, बटाटा वगळून. जैन नसलात तरी मागू शकता. पण तयार ग्रेव्हीत कांदा आधीच पडलेला असतो, म्हणून जैन भाजी वेगळी करावी लागते आणि वेळ लागतो. 'शेफ स्पेशल' या चौकटीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ती चौकट मीच किती कार्डांवर काढली आहे, आणि आत काय लिहायचं ते मालकाने छपाईच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं असायचं: ज्यावर नफा जास्त ते. हॉटेलच्या स्वतःच्या नावाचा पदार्थ असेल, उदाहरणार्थ 'अमुक स्पेशल व्हेज', तर त्यात सहसा चीज, काजू, पनीर आणि वर किसलेलं काहीतरी असतं.

चायनीजचं पानही असंच फोडता येतं. ते चिनी नाही, आपलंच आहे. चिकन मंचुरियनचं श्रेय नेल्सन वँग यांना दिलं जातं, त्यांनी तो १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करताना केला असं सांगतात. मंचुरियन, चिली, शेजवान, हाँगकाँग असे सॉसचे प्रकार, आणि प्रत्येकाचे 'ड्राय' व 'ग्रेव्ही' असे दोन अवतार. भाताबरोबर खायचं तर ग्रेव्ही, नुसतं खायचं तर ड्राय. न सांगता मागवलं तर किचन स्वतःच्या मनाने ठरवतं. ट्रिपल शेजवानमध्ये भात, नूडल्स आणि वेगळी ग्रेव्ही असते, एकट्याने संपत नाही.

उडुप्याचं कार्ड जाड असलं तरी तिथे हा उपद्व्याप करायची गरज नाही. पहिलं पान वाचा आणि कार्ड मिटा. इडली, मेदूवडा, डोसा, उत्तप्पा यांचं पीठ आणि सांबार रोज होतंच. 'डिप' म्हणजे इडली-वडा सांबारात बुडवून, 'सेपरेट' म्हणजे सांबार वेगळं. मैसूर मसाल्यात आतून लाल चटणी फासलेली असते. रवा डोशाला वेळ लागतो, घाईत असाल तर साधा घ्या. त्याच कार्डात पुढे पावभाजी, सँडविच, पंजाबी सगळं असतं, पण ते सोबत आलेल्या नातेवाइकांसाठी.

चौथी पायरी: ज्या कार्डांवर दर नसतो किंवा पदार्थ कळत नाही

मालवणी किंवा गोमंतकीय खानावळीत माशांच्या पानावर दराच्या जागी 'एपीएस' लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ मासा जेवढा मोठा तेवढा दर. इथे न विचारता ऑर्डर देणं हा नवख्यांना सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे. पापलेट, सुरमई, खेकडे, कोळंबी यांचा भाव रोज बदलतो. मासा आणून दाखवायला सांगा, तुकडे किती होतील आणि एकूण किती पडेल ते ऐकून घ्या, मगच हो म्हणा. चांगल्या खानावळीत कोणी नाक मुरडत नाही. भाव ऐकून परवडत नसेल तर बांगडा किंवा मांदेली सांगा. ताजा बांगडा शिळ्या पापलेटापेक्षा केव्हाही बरा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठा मासा बहुधा बर्फातला असतो. तेव्हा सुका मासा, तिसऱ्या, खाडीतलं काही आहे का ते विचारा.

'रवा फ्राय' म्हणजे वरून रव्याचं कुरकुरीत आवरण, 'तवा फ्राय' म्हणजे नुसत्या मसाल्यात तव्यावर. माशाची चव कळायला तवा. थाळीत फ्राय, कालवण, सोलकढी, भात, चपाती किंवा तांदळाची भाकरी. कोंबडी-वडे मागवलेत तर भाताची गरज उरत नाही. सोलकढी पुन्हा मिळते का तेवढं विचारा.

गोव्याच्या कार्डावर नावं अडखळायला लावतात. रेशाद म्हणजे लाल, आंबट-तिखट मसाला भरलेला मासा, बहुधा बांगडा. काफ्रेआल हिरव्या मसाल्यातलं चिकन. शागुती भाजलेलं खोबरं आणि खड्या मसाल्यांची, आपल्या वाटणाच्या रश्श्याजवळची. आंबटतीक नावाप्रमाणे, बहुतेकदा मोरीच्या माशाचं. सोरपोतेल डुकराच्या मांसाचं असतं, आणि विंदालूही मुळात त्याचंच. न खाणाऱ्यांनी मागवण्याआधी विचारावं. पाव मागताना 'पोई' मिळते का ते बघा, कोंड्याची असते, रश्श्याबरोबर फार छान लागते.

इराण्याकडे कार्ड मागूच नका, काचेखाली किंवा भिंतीवर असतं. मुंबईत धोबी तलावचं कयानी १९०४ चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. बन मस्का मऊ आणि गोडसर, ब्रून मस्का कडक कवचाचा, चहात बुडवूनच खायचा. खिमा पाव मागवलात तर 'खिमा घोटाळा' वेगळा असतो हे लक्षात ठेवा, त्यात अंडं फोडून घोटलेलं असतं. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात लोक बेरी पुलावसाठी जातात, दुपारी जा.

परमिट रूमच्या कार्डावर आकडे मिलिलिटरमध्ये असतात: ३० म्हणजे छोटा पेग, ६० म्हणजे मोठा, १८० म्हणजे क्वार्टर. दारू न पिणाऱ्याने तिथे जेवायला जाऊ नये असं मुळीच नाही, अशा ठिकाणचं मटण आणि भुर्जी कधी कधी फार झकास असते. फक्त एसी आणि नॉन-एसीचे दर वेगळे असतात, दोन कार्डं वेगळी निघतात, तेव्हा बसलात त्याच भागाचं कार्ड हातात आहे ना ते बघा.

पाचवी पायरी: महागडी ठिकाणं

ऑफिसच्या पार्टीला किंवा कोणाच्या वाढदिवसाला इथे जायची वेळ येते. कार्ड पातळ असेल, पदार्थ वीस-पंचवीसच असतील, तर घाबरू नका. इथे बहुतेक पदार्थ खरंच वेगळे शिजतात. पण प्लेट एकट्यापुरती असते, वाटून खाण्याच्या हिशेबाने मागवलं तर भूक राहते. नाव कळलं नाही तर विचारा. समजावून सांगणं हे त्यांचं कामच आहे, आणि न विचारता मागवून ताट तसंच ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

सेट मेनूमध्ये दर ठरलेला, सूप-स्टार्टर-जेवण-गोड यांतल्या प्रत्येकात दोन-तीन पर्याय. ड्रिंक धरलं आहे की नाही ते बघा. बुफेत रांगेत उभं राहण्याआधी एक फेरी रिकाम्या हाताने मारा, नाहीतर पहिल्या दोन भांड्यांतच प्लेट भरते. टेस्टिंग मेनूत निवड शेफची: एकामागून एक छोटे छोटे पदार्थ येत राहतात आणि दोन-तीन तास जातात. मुंबईत महालक्ष्मीचं 'मास्क' या पद्धतीचं. इथे काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे हे बुकिंग करतानाच सांगावं लागतं, टेबलावर बसल्यावर नाही.

टेबलावर नुसता क्यूआर कोड असेल आणि मोबाइलवर बारीक अक्षरं वाचवत नसतील तर छापील कार्ड मागा, बहुतेक ठिकाणी एखादं असतंच. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना पदार्थापुढे कॅलरी छापाव्या लागतात, तो आकडा एका सर्व्हिंगचा असतो.

सहावी पायरी: बिल

मेनूतला दर आणि बिलातला आकडा सारखा नसतो. कार्डाच्या तळाशी 'कर वेगळा' असं काहीतरी लिहिलेलं असतंच. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो, एक केंद्राची आणि एक राज्याची. दोनदा लावला असं वाटून भांडू नका. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. छोट्या हॉटेलांपैकी जी कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि बिलावर तसं छापावं लागतं.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी भानगड. तो कर नाही, हॉटेलची स्वतःची आकारणी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. समजा जेवण ८०० रुपयांचं झालं. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावून मग जीएसटी धरला तर बिल ९२४ होतं. सर्व्हिस चार्ज काढला तर ८४०. "हा काढून द्या" असं शांतपणे सांगायचं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वेटरला टिप द्यायची असेल तर ती त्याच्या हातात द्या.

पाण्याचं: बसल्या बसल्या "बाटली की साधं?" असं विचारतात. साधं हवं असेल तर तेव्हाच सांगा. बाटली उघडली की बिलात आली. हॉटेल बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतं तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही, बसून दिलेल्या सेवेसकट विकताना तसं करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोकळीक दिली आहे.

पार्सल नेताना डब्याचे पैसे वेगळे लागतात का ते विचारा. आणि घरपोच ॲपवर दिसणारे दर बऱ्याचदा हॉटेलच्या कार्डापेक्षा चढे असतात. हॉटेल खोलीजवळच असेल तर फोन करून ऑर्डर द्यायची आणि चालत जाऊन आणायची. महिन्याभरात काउंटरवरचे शेठ चेहऱ्याने ओळखायला लागतात. मग आज काय चांगलं झालंय ते कार्ड न उघडताच कळतं.